स्वतःवरच घातलेली बंदी

डोंबिवलीच्या एका बैठकीत एकीने विचारलं, "मोबाईलवरची पैशांची रमी तर सरकारने बंद केली ना? मग आमच्याकडे पगार सात तारखेलाच कसा संपतो?"

प्रश्न रास्त आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला. खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही, तेव्हा मदत मागायला घाबरू नका. पण दुकान बंद झालं म्हणून सवय सुटत नाही. माणूस बेकायदा साइटकडे वळतो, नाहीतर मटक्याकडे. (जाता जाता सांगतो, 'कल्याण मटका' ऐकून कल्याणकरांनी खजील व्हायचं कारण नाही. ते नाव गावाचं नाही, १९६२ मध्ये वरळीला मटका सुरू करणाऱ्या कल्याणजी भगत यांचं आहे.)

जुगाराचं व्यसन हा आजार आहे, हे आम्ही मनाचं सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत तो आहे. खेळ आवरता येत नाही, घर-नोकरीपेक्षा तो मोठा होतो आणि नुकसान डोळ्यांसमोर दिसूनही थांबवत नाही. यातली सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे 'गेलेले परत मिळवतो आणि मग सोडतो' हा हिशेब. तो कधीच जुळत नाही.

परदेशात यावर एक उपाय आहे, स्वेच्छाबंदी. ब्रिटनमध्ये 'गॅमस्टॉप' नावाची नोंदवही आहे. खेळणारा स्वतः नाव घालतो, सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं. तिथल्या परवानाधारक ऑनलाइन कंपन्यांनी त्याला दार उघडायचं नाही, आणि मुदत संपेपर्यंत त्यालाही माघार नाही. सिंगापूरमध्ये तर घरचे लोकही कसिनोबंदीसाठी अर्ज करू शकतात. आपल्याकडे अशी नोंदवही नाही, आणि बेकायदा साइट कुणाचं नाव वगळणार?

म्हणून ही बंदी घरीच घालावी लागते. तत्त्व तेच: डोकं शांत असताना त्याने स्वतः दार लावायचं आणि किल्ली दुसऱ्याकडे द्यायची. पगाराच्या खात्याचं नेटबँकिंग आणि यूपीआय बंद करून रोजच्या खर्चाला वेगळं, कमी रकमेचं खातं ठेवा. कार्डावरचे ऑनलाइन व्यवहार बँकेतून बंद करता येतात. पण ते फोनवरून मिनिटात पुन्हा चालू होतात, त्यामुळे एवढ्यावर विसंबू नका. दागिने, लॉकरची किल्ली, घराची कागदपत्रं तुमच्याकडे असू द्या. त्याच्या कर्जाला जामीन राहू नका, मग तो कितीही गयावया करो. हे सगळं त्याच्या संमतीने व्हायला हवं. चोरून सिमकार्ड काढून घेतलं तर दुसरं येतं.

आता उधारीचं. भारतीय करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचे पैसे कोर्टातून वसूल करता येत नाहीत. आपल्याकडे १८६५ चा मुंबईचा कायदा त्याहून पुढे जातो. जुगारासाठीच आहे हे माहीत असून दिलेल्या उसनवारीलाही तो कोर्टाचा आधार देत नाही. बँकेचं किंवा सोसायटीचं साधं कर्ज मात्र फेडावंच लागतं. विनापरवाना सावकार दारात येऊन दमदाटी करत असेल, तर पोलिसांत आणि सहकार खात्याच्या निबंधकांकडे तक्रार करा.

आणि उपचार? आपल्याकडे 'ठाण्याला दाखवायला हवं' ही थट्टा आहे. ते ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं आहे, आणि तिथल्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढून दिवसा दाखवून घरी परतणारे अनेक असतात. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था आहे. उपचार मुख्यतः बोलण्याचा असतो. 'आता माझा नंबर लागणारच' असे विचार कुठून उठतात, पगाराच्या दिवशी काय होतं, हात शिवशिवला की काय करायचं, हे समुपदेशक शिकवतात. सोबत नैराश्य किंवा दारू असेल तर डॉक्टर औषध देतात. कंपवाताच्या काही गोळ्यांनी जुगाराची ओढ लागते. घरात वडीलधाऱ्यांचं असं काही अचानक सुरू झालं तर डॉक्टरांना सांगा, पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

कर्ज उघड झाल्यानंतरचे दिवस फार नाजूक असतात. तो 'मी नसलेलाच बरा' म्हणाला तर ती धमकी समजू नका, एकटं सोडू नका आणि लगेच टेली-मानसच्या १४४१६ वर फोन लावा. फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. तो यायला तयार नसला, तरी तुम्ही एकट्यानेही तिथे फोन करू शकता. स्वतःच्या झोपेबद्दल बोला, घर कसं चालवायचं ते विचारा.