नळीतून झिरपलेलं इस्ट्रोजेन

बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात ॲना सोटो आणि कार्लोस सॉनेनशाइन स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ पेशींवर काम करत होते. या पेशी वाढतात त्या इस्ट्रोजेन या संप्रेरकावर. म्हणून पेशींना पोषण म्हणून दिल्या जाणाऱ्या सीरममधलं इस्ट्रोजेन ते कोळशाच्या भुकटीने आधीच काढून टाकत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मात्र संप्रेरक न घातलेल्या बशांमधल्या पेशीही भराभर वाढू लागल्या. एकेक साहित्य बदलून पाहता पाहता महिने गेले, तेव्हा कुठे चोर सापडला: सीरम ठेवायच्या प्लास्टिकच्या नळ्या! उत्पादकाने प्लास्टिकचं मिश्रण बदललं होतं आणि त्यातून नोनिलफिनॉल झिरपत होतं. हा शोध १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला.

पेशीतला इस्ट्रोजेनचा ग्राही फारसा चोखंदळ नसतो. नोनिलफिनॉलसारखा साधारण तशाच घडणीचा रेणू आला, तरी ग्राही त्याला धरतो आणि पेशीला विभाजनाचा निरोप जातो.

सोयाबीनमधलं जेनिस्टीनही असंच. बशीत, कमी मात्रेत, तेही या पेशी वाढवतं. त्यामुळे सोयाबद्दल रुग्णांच्या मनात भीती बसली. पण शांघायमध्ये स्तनाचा कर्करोग झालेल्या ५,०४२ स्त्रियांची पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांच्या जेवणात सोया जास्त, त्यांच्यात आजार उलटण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण कमी होतं. जेनिस्टीन इस्ट्रोजेनच्या बीटा नावाच्या दुसऱ्या ग्राहीला अधिक घट्ट बिलगतं. तो बऱ्याचदा वाढीला लगाम घालतो. शिवाय बशीला आतडं नसतं, यकृत नसतं; शरीरात जेनिस्टीन आधी त्यांतून जातं आणि बदलतं. अर्थात ही पाहणी जेवणातल्या सोयाची. जेनिस्टीनच्या गोळ्यांना ती लागू करणं मला धोक्याचं वाटतं.