उत्तर इटलीची यात्रा : मुक्काम कोठे करावा?

परदेशयात्रेचा बेत आखताना विमानाच्या तिकिटाचा आपण बारकाईने विचार करतो. मुक्कामाची जागा मात्र पुष्कळदा केवळ भाडे पाहून ठरविली जाते. उत्तर इटलीत हॉटेल निवडताना भाडे आणि तारांकन यांच्या आधी अंतर, पायऱ्या आणि तारखा या तीन गोष्टी पाहाव्यात. वयोवृद्ध आईवडिलांना सोबत नेणाऱ्यांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे. अनेक वर्षांच्या बचतीतून घडणाऱ्या यात्रेत त्यांची सारी शक्ती सामान वाहण्यातच संपू नये.

व्हेनिस शहर बेटांवर वसले आहे. तेथे मोटारी चालत नाहीत. बोटीने अथवा पायी जावे लागते आणि बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत. म्हणून सांता लुचिया रेल्वेस्थानकाच्या किंवा बोटीच्या थांब्याच्या जवळचे हॉटेल घ्यावे. वाटेत किती पूल लागतात आणि इमारतीत लिफ्ट आहे का, हे आधीच विचारावे. मुख्य भूमीवरील मेस्त्रे येथे खोल्या साधारणपणे स्वस्त मिळतात व रेल्वेने सुमारे १० मिनिटांत व्हेनिस गाठता येते. मात्र हॉटेल मेस्त्रे स्थानकाजवळच असावे.

संत अंतोनी यांचे महामंदिर पादुआ येथे आहे. हे शहर मुक्कामासाठीही सोयीचे आहे. स्थानकापासून महामंदिराकडे ट्राम जाते आणि वेगवान गाडीने व्हेनिस सुमारे अर्ध्या तासावर आहे. एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी. केवळ दिवसापुरत्या येणाऱ्या पर्यटकांसाठी व्हेनिसने २०२४ साली ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क सुरू केले. मेस्त्रे व्हेनिस नगरपालिकेच्या हद्दीत असल्यामुळे तेथे राहणाऱ्या पाहुण्यांना ते द्यावे लागत नाही. पादुआहून जाणाऱ्या पर्यटकांना अशा दिवशी ते भरावे लागते.

आता तारखांविषयी. मिलान येथे एप्रिलमध्ये फर्निचरचे जागतिक प्रदर्शन भरते, तर फेब्रुवारी व सप्टेंबरमध्ये फॅशन सप्ताह असतो. बोलोन्यात वसंत ऋतूत बालपुस्तकांचा मेळा भरतो. व्हेरोनाच्या प्राचीन रंगमंडलात उन्हाळ्यात संगीतनाट्ये होतात. या काळात भाडे फार वाढते. आपल्या तारखा त्यांच्याशी जुळत असतील, तर मुक्काम शेजारच्या शहरात करावा.

अनेक शहरांत धर्मभगिनींची व धर्मसंघांची अतिथिगृहे आहेत. खोल्या साध्या व स्वच्छ असतात, वातावरण शांत असते. परंतु काही ठिकाणी रात्री ठरावीक वेळेनंतर दार बंद होते. ती वेळ आधी विचारून घ्यावी. ही गृहे नेहमीच स्वस्त असतात, असेही नाही.

खोलीच्या भाड्याखेरीज बहुतेक पर्यटनस्थळी दरडोई, दर रात्रीचा नगरकर आकारला जातो. तो पुष्कळदा हॉटेलातच भरावा लागतो. व्हिसाच्या अर्जासोबत निवासाचा पुरावा द्यावा लागतो. त्यामुळे व्हिसा हाती येईपर्यंत रद्द करता येईल असेच आरक्षण करणे हिताचे.

शेवटी, रोज नवे हॉटेल घेण्यापेक्षा एकाच शहरात तीन-चार रात्री राहून तेथून रेल्वेने शेजारची शहरे पाहावीत. सामान खोलीत राहते आणि थकलेल्या माणसाला एक दिवस विसावाही घेता येतो.