काटा लाल रेषेवर: तापलंय कोण?

विनोबांच्या गागोदे बुद्रुकहून (ता. पेण) पुण्याला निघालेली जुनी अँबॅसिडर खोपोलीपुढे बोरघाट चढू लागली, की तापमानाचा काटा वर सरकणारच. तो लाल रेषेवर अडला तर ‘मीटरच बिघडलाय’ हा निष्कर्ष सोयीचा असला तरी आधी इंजिन खरंच तापलेलं नाही याची खात्री हवी. गाडी थांबवावी, गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये, इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटजवळचं तापमान पाहावं. ते नेहमीइतकंच असेल तरच संशय विजेच्या जोडणीवर घ्यावा.

बहुतेक जुन्या, विजेवर चालणाऱ्या तापमान-मीटरमध्ये पाणी तापलं की सेन्सरचा रोध घटतो आणि काटा चढतो. म्हणून इग्निशन चालू ठेवून सेन्सरची वायर काढली तर काटा खाली यायला हवा. आला नाही, तर वायर कुठेतरी बॉडीला चिकटली आहे किंवा मीटरच गेला आहे. खाली आला, तर दोष बहुधा सेन्सरचा. काटा कायम थंडच दाखवत असेल, तर हीच वायर क्षणभर इंजिनला टेकवावी. काटा चढला, तर मीटर आणि वायर निर्दोष.

‘सेन्सर स्वस्त, बदलून टाका’ हे मेकॅनिकचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण वेगळ्या रोधाचा नवा सेन्सरही खोटंच सांगतो, आणि पेट्रोलचा काटाही सोबत चढलेला असेल तर गुन्हेगार दोघांना वीज पुरवणारा व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो. उलट, पाणी कमी होऊन सेन्सर हवेत उघडा पडला, तर इंजिन उकळत असतानाही काटा निवांत खाली राहू शकतो.