एक्सेल शीट मिटली आणि जोयडा दिसला

मी मिनिटाच्या हिशोबात ट्रिप आखणारा माणूस. ७:१५ चहा, ८:३० राफ्टिंग, १२:०० सिंथेरी रॉक्स. उत्तर कन्नडमधल्या जोयडा तालुक्याने ती खोड मोडली.

गणेशगुडीला पोचलो, तर राफ्टिंग बंद! काळी नदीतलं राफ्टिंग सुपा धरणातून येणाऱ्या पाण्यावर चालतं. १०१ मीटर उंचीचं हे धरण विजेसाठी बांधलेलं. पाणी कधी सुटणार हे आपलं बुकिंग ठरवत नाही.

चिडून टपरीवर बसलो. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "खंयचे तुमी?" अर्ध्या तासात त्यांच्या पडवीत होतो. समोर उकडलेला कोन नावाचा कंद, मीठ, हिरवी मिरची. इथले कुणबी परसात कितीतरी कंद लावतात. हिवाळ्यात जोयड्यात कंदांचा मेळाही भरतो. माझ्या शीटमध्ये यातलं काहीच नव्हतं.

तेव्हापासूनचे माझे नियम:

🌿 मुक्काम आणि परतीचं तिकीट पक्कं. मधला वेळ मोकळा.

🌿 दिवसाला ठरलेली गोष्ट एकच.

🌿 रेंजचा भरवसा नाही. नकाशा आधीच उतरवून घ्या, रोख पैसे ठेवा.

🌿 जंगलात मात्र मनमानी नको. हा काळी व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. परवानगी असेल तिथेच जा, अंधाराआधी मुक्कामी पोचा.

राफ्टिंग अजून राहिलंय. त्यासाठी पुन्हा जायचंय, तारीख न ठरवता!

जोयड्याबद्दल काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा. आणि तुमचा फसलेला प्लॅन कुठे फळला, तेही सांगा.