तिसाव्या किलोमीटरची शिदोरी

बेंगळुरूच्या चामराजपेटमधून पहाटे निघून लालबागेत धावणाऱ्यांना मॅरेथॉनचे 42.195 किलोमीटर म्हणजे रोजचेच अंतर जरा लांबवलेले, असे वाटते. तसे ते नाही. धावताना दर किलोमीटरला शरीराच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे 60 किलोच्या माणसाला पूर्ण शर्यतीसाठी सुमारे अडीच हजार लागतात. स्नायू आणि यकृतातली ग्लायकोजेनची, म्हणजे साठवलेल्या कर्बोदकांची, शिदोरी मात्र दोन हजारांच्या आसपास. तिसाव्या किलोमीटरनंतर पाय शिशाचे होतात ते यामुळे! चरबी भरपूर असते, पण तिच्यातून ऊर्जा सावकाश मिळते. म्हणून आठवड्यातून एकदा लांब आणि गप्पा मारता येतील इतके संथ धावायचे. त्याने स्नायूंत केशवाहिन्या वाढतात, चरबी वापरण्याची क्षमताही.

मला कळकळीने सांगायचे आहे ते पुढचे. दम काही आठवड्यांत सुधारतो; कंडरा आणि हाडे त्याहून कितीतरी हळू बळकट होतात. छाती ‘पळ’ म्हणते तेव्हा घोटा तयार नसतो. दुखापती बहुधा इथेच होतात. तयारीला चार-पाच महिने द्याच. शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करा. शर्यतीत तहानेपुरतेच पाणी प्या. अति पाण्याने रक्तातले सोडियम धोकादायकरीत्या घटते.

हे गणित ठाऊक नसतानाही बेळगावचे फडेप्पा चौगुले 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये 42.75 किलोमीटर 2 तास 50 मिनिटांत धावून एकोणिसावे आले. स्नायूंतल्या ग्लायकोजेनचे गणित स्वीडनमधल्या संशोधकांनी उलगडले ते त्यानंतर चार दशकांनी.