खोडू नका, तरी बदला

१२ किलोच्या मुलाचे वजन केसपेपरवर घाईत २१ लिहिले गेले, तर त्यावर व्हाइटनर लावायचा नसतो. एक आडवी रेघ, शेजारी दुरुस्ती, सही, तारीख, वेळ. जुना आकडा वाचता आलाच पाहिजे. रात्री दिलेला डोस त्याच आकड्यावरून ठरलेला असतो.

संगणकात नवे वजन भरले की जुने बहुधा पुसले जाते. फंक्शनल प्रोग्रॅमिंगला हे मान्य नाही. तिथे लिहिलेले बदलत नाही, नवी प्रत तयार होते. मग एका वजनासाठी अख्ख्या रुग्णालयाची नक्कल? तसे नाही. तो रुग्ण, त्याचा वॉर्ड आणि रुग्णालय, एवढ्या वाटेवरचेच कप्पे नव्याने लिहिले जातात. बाकीचे वॉर्ड, शेजारच्या खाटा दोन्ही प्रतींत सामाईक. २००७ साली आलेल्या क्लोजर भाषेत यादीच्या प्रत्येक कप्प्यात ३२ खाने असतात. चार पातळ्यांत दहा लाखांहून अधिक नोंदी मावतात आणि एक बदलताना जेमतेम चार कप्पे नवे होतात.

एक मेख आहे. जुनी प्रत कोणी धरून ठेवली नाही, तर संगणक तिची जागा मोकळी करतो. रुग्णालयासाठी सॉफ्टवेअर घेताना प्रत्येक प्रत वेळेसह कायम साठते का, हे आधी विचारावे.