उरलेल्या श्रवणशक्तीचे जतन

मनुष्याच्या आंतरकर्णात शंखासारखी, सुमारे अडीच वेढ्यांची एक नलिका असते. तिला कर्णावर्त म्हणतात. उलगडल्यास ती जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल. तिच्या मुखाशी उंच स्वरांचे ग्रहण होते, शिखराशी खर्जाचे. बहिरेपणा पुष्कळदा मुखाकडून सुरू होतो. अशा मनुष्यास ढोल ऐकू येतो, परंतु ‘स’, ‘श’ यांसारखे वर्ण निसटतात. कोणी बोलत आहे हे कळते, काय बोलत आहे हे कळत नाही.

रोमपेशीच नष्ट झाल्यावर नुसता आवाज वाढवून भागत नाही. तेव्हा विद्युतग्रांची बारीक तार कर्णावर्तात सरकवून श्रवणतंत्रिकेस थेट विद्युत्स्पंद देतात. मात्र तार शिरताना आतील नाजूक पटल फाटले, तर शाबूत असलेला खर्जही हरपतो. एके काळी ही हानी गृहीतच धरीत.

१९९३ साली जर्मनीतील एर्न्स्ट लेनहार्ट यांनी मृदू शस्त्रक्रियेची रीत मांडली. १९९९ साली फ्रांकफुर्टच्या क्रिस्टोफ फॉन इल्बर्ग यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच कानास खर्ज ध्वनीने आणि उंच स्वर विजेने ऐकविण्याची कल्पना प्रसिद्ध केली. नुसत्या विजेने बोलणे उमगते, पण गाण्याची चाल नीट उमटत नाही. गलबल्यात ओळखीचा आवाजही हरवतो. येथे तो थोडासा खर्ज मोलाचा ठरतो.

म्हणून शल्यचिकित्सक लवचिक तार, बहुधा गोल गवाक्षातून, अगदी सावकाश आत सोडतात. दाह आवरण्यासाठी स्टेरॉइड देतात. तरीही काहींचे वाचलेले श्रवण काही महिन्यांनी ओसरते. तारेभोवती वाढणारी तंतुमय ऊती हे त्याचे एक कारण मानले जाते. ही शक्यता रुग्णास शस्त्रक्रियेपूर्वीच सांगावी लागते.